मखरातले आजोबा आणि कारवीची परी

या, या. बसा. खरं म्हणजे आजची गोष्ट उभ्यानंच ऐकायची आहे, पण तुमचे पाय दुखले तर तुमच्या आया माझ्यावर डाफरतील. तेव्हा बसा बापडे. फक्त मधे मधे हातपाय जरा हलवत राहा. का, ते कळेलच.

एक होती दवणवाडी. डोंगराच्या अगदी पायाशी. इतकी पायाशी, की ढग खाली उतरले म्हणजे घरांच्या कौलांवर टेकूनच दम खायचे. वीस-बावीस घरं, कारवीच्या काड्या विणून वर माती लिंपलेल्या भिंती, दारात पिवळाधमक झेंडू आणि कुंपणावर गोकर्णीची निळी निळी फुलं. गावाच्या वर, उभ्या चढणीच्या टोकाला होता एक झरा. त्याचं पाणी इतकं नितळ, की ओंजळ भरली तरी रिकामीच वाटायची.

या दवणवाडीत राहायची बकुळा. सगळे तिला बकू म्हणायचे. वय वर्षं नऊ. दोन पिटुकल्या वेण्या, एका वेणीला लाल रिबीन, दुसरीला हिरवी, कारण दोन्ही जोड्यांतली एकेक हरवलेली. तिला आई नव्हती, बाबा नव्हते. होते ते फक्त कुशाबा आजोबा.

बकू सकाळी उठायची, कळशी घेऊन चढण चढायची, पाणी आणायची. रानातून काटक्या आणायची. शेजारच्या सरूकाकीचा गोठा झाडायची, मग काकी तिला तांब्याभर ताक आणि पसाभर नाचणीचं पीठ द्यायची. त्या पिठाच्या दोन भाकरी थापायच्या, एक आजोबांना भरवायची आणि एक आपण खायची. नऊ वर्षांची पोर हो! चुलीच्या धुरानं तिचे डोळे सदा लाललाल असायचे.

तुम्ही विचाराल, मग आजोबा काय करायचे? आजोबा मखरात बसायचे.

हसू नका. मखरात, खरंच. आपल्याकडे गणपती बसतो ना, तसे. दवणवाडीची रीतच होती ती. माणसानं सत्तर पावसाळे पाहिले, की गाव त्याच्यासाठी मखर बांधायचं. रंगीत कागद, झेंडूच्या माळा, खाली जाड गादी. मग वाजतगाजत म्हाताऱ्या माणसाला त्यात बसवायचं, अंगावर शेला पांघरायचा, नारळ ओवाळायचा आणि हात जोडून म्हणायचं, "खूप कष्ट केलेत. आता बसा."

आणि बसा म्हणजे बसाच! त्या दिवसापासून त्यांचा पाय जमिनीला लागू द्यायचा नाही. हाताला काम लागू द्यायचं नाही. घास भरवायचा, पाणी पाजायचं, केससुद्धा दुसऱ्यानं विंचरायचे. मखरातल्या माणसाचा पाय मातीला लागला, तर डोंगरावरचा झरा रुसेल आणि आटून जाईल, असं सगळे मानायचे. दुष्ट नव्हती हं माणसं. उलट जीव लावणारी होती. जीव लावायची पद्धत तेवढी चुकली होती, दुसरं काही नाही.

कुशाबा आजोबा चार वर्षांपूर्वी मखरात बसले. त्याआधी ते कसे होते म्हणाल तर सगळं रान त्यांना तोंडपाठ. कुठल्या झाडावर मोहोळ आहे, कुठल्या कपारीत रानकेळ आहे, विचारा कुशाबाला. बोलायचे तर इतकं, की सरूकाकी कानांवर हात ठेवायची. आणि आता? पाय काटक्या झालेले. बोटं आखडलेली. पहिल्या वर्षी ते मखरातून हाका मारायचे, दुसऱ्या वर्षी नुसते खाकरायचे आणि आता दिवसाला दोन शब्द बोलले तर बोलले.

एके दिवशी बकू त्यांना घास भरवत होती. आजोबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "तू कुणाची गं?"

बकूच्या हातातला घास हातातच राहिला. ती म्हणाली, "आजोबा, मी बकू! तुमची बकू!"

सरूकाकी दारातून बघत होती. तिनं पदरानं डोळे पुसले आणि हळूच म्हणाली, "पोरी, पिकलं पान ते. फार दिवस नाहीत आता."

बकूनं तो घास ताटलीत ठेवून दिला. आजोबा गेले तर तिचं म्हणायला या जगात कोण उरणार होतं? ती रडत रडत उठली आणि काटक्या आणायच्या निमित्तानं रानाकडे पळाली.

आणि रानात काय झालं होतं माहितेय? कारवी फुलली होती!

कारवी सात सात वर्षं नुसती हिरवी असते. गपगुमान. आणि मग एका भाद्रपदात तिच्या मनात येतं, आणि अख्खा डोंगर फुलतो. जांभळा म्हणावा तर निळा, निळा म्हणावा तर जांभळा! मागच्या वेळी कारवी फुलली तेव्हा बकू दोन वर्षांची होती, तिला काही आठवत नव्हतं. ती रडायचंच विसरली. नुकती सर येऊन गेली होती आणि ऊन पडलं होतं. पाकळीपाकळीवर इवलासा थेंब, थेंबाथेंबात इवलासा सूर्य. हजारो फुलं आणि हजारो सूर्य, आणि सगळीकडे मधमाश्यांचा गुंऽऽ असा सूर.

"अगंबाई!" एवढंच बकूच्या तोंडून निघालं.

तेवढ्यात तिच्या पायाशी काहीतरी वळवळलं. एक मधमाशी होती. म्हातारी, पंखांच्या कडा झिजून फाटलेल्या. ती चिखलात पडली होती आणि फुलाकडे जायला धडपडत होती. बकूनं तिला उचलायला हात पुढे केला, तशी माशी रागानं भुणभुणली. बकू थांबली. मग तिनं एक बारीकशी काडी घेतली, तिचं एक टोक माशीपाशी धरलं आणि दुसरं फुलापाशी. माशी टुकूटुकू चढायला लागली. दोनदा घसरली. बकूचा हात अवघडला, पण तिनं काडी हलू दिली नाही. शेवटी पोचली एकदाची माशी फुलात!

आणि त्याच क्षणी ते फूल उजळलं. आधी मंद, मग लख्ख! बकूनं डोळ्यांवर हात धरला आणि बोटांच्या फटीतून पाहिलं, तर फुलाच्या काठावर एक परी बसली होती. करंगळीएवढी! अंगात कारवीच्या पाकळ्यांचं परकर-पोलकं, पायांत दवाचे पैंजण, आणि पंख तर असे, की आरपार ऊन दिसावं आणि उन्हात सात रंग दिसावेत. ती हलली की चांदीची बारीक बारीक धूळ उडायची आणि हवेतच विरून जायची.

बकूला वाटलं, श्वास सोडला तर ही उडून जाईल. म्हणून तिनं श्वासच धरून ठेवला.

"अगं, श्वास घे!" परी हसून म्हणाली. "ही माझी सगळ्यांत जुनी माशी. तू तिला उचललं नाहीस, काडी धरलीस. मला आवडलं ते. मी तुला तीन दवमणी देते. एक मणी फोडायचा, एक इच्छा मागायची."

तिनं पानाचा इवलासा द्रोण पुढे केला. त्यात तीन मणी लुकलुकत होते.

"पण नियम आहेत हं," परी म्हणाली. "पहिला, इच्छा स्वतःसाठी मागायची नाही. दुसरा, कारवी फुललेली आहे तोवरच मणी चालतील. पंधरा दिवस, फार तर अठरा. आणि तिसरा नियम सगळ्यांत मोठा. ज्याच्यासाठी मागशील, त्याला आधी विचार. न विचारता मागितलंस तरी इच्छा पुरी होईल, पण भलतीकडेच जाईल."

"हो हो, कळलं!" बकू म्हणाली आणि द्रोण छातीशी धरून धावत सुटली. काटक्या गोळा करायच्या राहिल्याच.

आता तुम्हीच सांगा, तिला कळलं होतं का? छे! धावता धावता ती मनात म्हणत होती, "आजोबांना काय विचारायचं? माझेच तर आजोबा! त्यांना काय हवं ते मला माहीत नाही होय?"

घरी आल्या आल्या तिनं पहिला मणी फोडला आणि म्हणाली, "माझ्या आजोबांना गावातलं सगळ्यांत छान, सगळ्यांत मऊ मखर मिळू दे!"

झर्रकन सोनेरी वारा घरात शिरला. रंगीत कागदांचं जुनं मखर गेलं आणि तिथे सोन्याचं मखर उभं राहिलं. सोन्याचे मोर, सोन्याच्या वेली, पिसांची गादी, सात मखमली उशा. अख्खं गाव बघायला लोटलं. सरूकाकीनं तर तोंडात बोट घातलं. "अगो बाई! कुशाबांनी काय पुण्य केलं म्हणायचं!"

पण आजोबा त्या गादीत रुतत चालले होते. आधी कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. आणि सोन्याच्या त्या वेली हळूहळू सरकत आल्या आणि त्यांच्या घोट्यांभोवती गुंडाळल्या गेल्या. बकूनं त्या सोडवायला पाहिल्या, पण सोनं ते, तिच्या चिमुकल्या बोटांनी कसं वाकणार? आजोबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. लोक म्हणाले, आनंदाचं असेल.

बकूला परीचा नियम आठवला. तिनं कपाळावर हात मारून घेतला. "विचारायचं राहिलं!"

मग ती विचारायला गेली. कुणाला? सरूकाकीला! काय करावं या पोरीला? पण तिला तरी काय बोलायचं? गावात मोठ्यांबद्दलच्या गोष्टी मोठ्यांनाच विचारायच्या, आणि मखरातल्यांना तर काहीच विचारायचं नाही, हेच तिनं जन्मापासून पाहिलं होतं.

सरूकाकीच्या घरीही मखर होतं. त्यात तिची सासू, हिराई, बसलेली होती. काकी तिला शिरा भरवत होती.

"काकी, आजोबांना काय हवं असेल गं?" बकूनं विचारलं.

"यात विचारायचं काय?" काकी म्हणाली. "म्हातारपणी जिभेला गोड हवं. आमच्या आत्याबाईंना मी रोज शिरा करते. तूप सुटेपर्यंत. हो ना हो, आत्याबाई?"

हिराईनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकीनं त्यात घास घातला.

बकूनं घरी येऊन दुसरा मणी फोडला. "माझ्या आजोबांना रोज पोटभर गोडधोड मिळू दे!"

पुन्हा वारा, पुन्हा झगमगाट! चांदीच्या ताटांत बासुंदी, श्रीखंड, अनारसे, केशरी जिलब्या, तुपात न्हालेल्या पुरणपोळ्या. एक ताट संपलं की दुसरं हजर. बकू मायेनं भरवायची आणि आजोबा गपगुमान गिळायचे. बसल्या बसल्या दुसरं करायचं तरी काय? तीन दिवसांत त्यांचे पाय सुजले. चौथ्या दिवशी ते भरदुपारीही झोपूनच राहिले. पाचव्या दिवशी बकूनं हाका मारल्या, गाल थोपटले, पण आजोबांनी डोळे अर्धेच उघडले आणि पुन्हा मिटले.

डोंगरावर निम्मी कारवी कोमेजली होती. द्रोणात एकच मणी उरला होता. बकू चढण चढून धापा टाकत परीकडे गेली.

"परी, परी! माझे आजोबा चाललेत गं! मी विचारलं होतं, खरंच विचारलं होतं!"

"कुणाला?"

"सरूकाकीला."

परी फुलाच्या काठावर येऊन बसली. तिनं बकूच्या गालावरचं पाणी पंखानं टिपलं आणि अगदी हळू विचारलं, "मखरात कोण बसलंय गं? सरूकाकी?"

बकूचे कान लाल झाले. मग ती वळली आणि पळत सुटली. अशी पळाली, की एक रिबीन कुठे सुटून पडली ते तिला कळलंही नाही.

घरी येऊन तिनं सगळी चांदीची ताटं बाहेर नेऊन ठेवली. झऱ्याचं पाणी चमच्याचमच्यानं आजोबांना पाजलं. मग ती मखरावर चढली, त्यांच्यासमोर मांडी घालून बसली आणि त्यांचा हात हातात घेतला.

"आजोबा, तुम्हाला काय हवंय?"

बकूनं पुन्हा विचारलं, आणि मग ती वाट बघत बसली. दारातलं ऊन उंबऱ्यावरून आत आलं, चुलीपर्यंत गेलं, भिंतीवर चढलं. ती हलली नाही. म्हातारी माणसं लगेच बोलत नाहीत, बाळांनो. चार वर्षं बंद असलेलं दार एका धक्क्यात उघडतं का?

शेवटी आजोबांचे ओठ हलले.

"मला," ते म्हणाले. "मला विचारतेस?"

"हो आजोबा, तुम्हालाच."

"चार वर्षांत कुणी विचारलं नाही गं." त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं. "मला खाली उतरायचंय. मला पाणी आणायचंय. एवढीशी पोर ती, कळशी घेऊन चढण चढते आणि मी उशीला टेकून बघतो. बघवत नाही गं मला ते, बकू."

बकू! त्यांनी बकू म्हटलं! तिनं त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि ती हमसून हमसून रडली.

दाराशी आरडाओरडा झाला. सरूकाकी धावत आली होती आणि तिच्यामागे निम्मं गाव. "अगं कारटे, हे काय ऐकतेय मी! पाय खाली लावायचा नाही! झरा आटेल, आम्ही सगळे तहानेनं मरू!"

बकू घाबरली. खरंच झरा आटला तर? तिनं आजोबांकडे पाहिलं.

"सरू," आजोबा म्हणाले. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "त्या झऱ्यातला गाळ मी चाळीस वर्षं काढला. गुडघाभर पाण्यात उभा राहून. माझ्या पायांचा त्याला राग असता, तर तेव्हाच आटला असता."

बकूनं शेवटचा मणी घेतला आणि तो आजोबांच्या तळहातावर ठेवला. "तुमची इच्छा आहे. तुम्हीच मणी फोडा, मागते मी: माझ्या आजोबांना खाली उतरू दे!"

आजोबांनी आखडलेली बोटं एकेक करून मिटली. मणी फुटला. आणि काय सांगू तुम्हाला! घरात जणू पहाट झाली. सोन्याच्या वेली थरथरल्या, त्यांना खरी हिरवी पानं फुटली आणि त्या सळसळत आजोबांच्या पायांवरून खाली उतरून दाराबाहेर निघून गेल्या. सोन्याचे मोर मान वळवून खरोखरचे मोर झाले आणि पिसारे सावरत कुंपणावर जाऊन बसले. मखमली उशांची फुलपाखरं झाली, लाल, निळी, केशरी, शेकडो फुलपाखरं! गाव आ वासून बघत राहिलं. मखर गेलं आणि आजोबा साध्या लाकडी पाटावर बसलेले दिसले.

बकूनं त्यांना ओढलं नाही, उचललं नाही. त्या माशीसाठी काडी धरली होती तसा तिनं आपला हात पुढे धरला, घट्ट, न हलवता. आजोबांनी तो धरला. एक पाय पुढे आला, थरथरला आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर टेकला.

सगळ्यांनी श्वास रोखले. एक तान्हं बाळ रडत होतं तेही थांबलं. सगळ्यांचे कान डोंगराकडे लागले.

खळखळ, खळखळ, खळखळ. झरा वाहत होता. काल वाहत होता तसाच.

"अहाहा!" आजोबा म्हणाले. "गार आहे गं जमीन!"

त्या दिवशी ते तीन पावलं चालले. फक्त तीन. मग धापा टाकत उंबऱ्यावर बसले आणि इतकं हसले, की ठसका लागला. मणी संपले होते, परीची जादू संपली होती. इथून पुढची पावलं आजोबांची त्यांनाच टाकायची होती. दुसऱ्या दिवशी सात पावलं. तिसऱ्या दिवशी पाय दुखले म्हणून पाचच. बकू नुसती शेजारी बसली. आठवड्यात ते अंगण ओलांडून सरूकाकीच्या दारापर्यंत पोचले, तेही नाचणीची पेज आणि ताक पिऊन! बासुंदीचं नाव काढलं की ते तोंड वाकडं करायचे.

त्या दिवशी सरूकाकीच्या घरात मखरातून आवाज आला. "सरू, मलाही उतरव."

काकीच्या हातातली शिऱ्याची वाटी खाली पडली. "आत्याबाई! मी काही कमी केलं का हो तुमचं?"

"नाही गं बाई," हिराई म्हणाली. "जास्तच केलंस. मला जरा लसूण तरी सोलू दे!"

सरूकाकी तिथेच मटकन बसली. रडायलाही लागली आणि हसायलाही लागली. मग तिनं डोळे पुसले आणि हात पुढे केला.

झालं! मग काय विचारता! एका मागोमाग एक मखरं रिकामी झाली. सकाळी सकाळी दवणवाडीचे म्हातारे-म्हाताऱ्या रांगेनं चढण चढायचे. काठ्या टेकत, एकमेकांना चिडवत. "अहो, तुमची गाडी कुठे अडली?" "तुझीच पुढे जाऊ दे की, घाई झालीय तुला!" कुणी शेंगा सोलायला बसलं, कुणी पोरांना गोष्टी सांगायला. हिराईला जुनी ओव्यांची चाल आठवली आणि तिनं ती अख्ख्या गावाला शिकवली. काही जणांना फार चालवेना. ते दारातच बसून हात हलवायचे, पण त्यांच्याशी बोलायला आता रोज कुणी ना कुणी जायचं. गाव पूर्वी शांत असायचं, आता नुसता कलकलाट होता. बरं वाटायचं ऐकून.

आणि कारवीच्या अगदी शेवटच्या दिवशी कुशाबा आजोबा झऱ्यापर्यंत पोचले. ते ओंजळ भरून पाणी प्यायले. मग छोटीशी कळशी भरली, खांद्यावर घेतली आणि चार ठिकाणी टेकत टेकत ती स्वतः घरी आणली. अर्धी सांडली होती. आजोबांची छाती मात्र वीतभर पुढे आली होती.

"आता तू जा," ते बकूला म्हणाले. "परीला भेटून ये. चुलीपाशी मी आहे."

बकू डोंगरावर गेली. फुलं सुकून गेली होती. एकच फूल उरलं होतं, निळंजांभळं, टपोरं, आणि त्याच्या काठावर परी बसली होती.

"परी, मी दोन मणी वाया घालवले," बकू म्हणाली. "तू रागावलीस का गं?"

"चुकलीस, कळल्यावर थांबलीस आणि विचारलंस," परी म्हणाली. "मोठमोठ्या माणसांना जमत नाही ते. जाता जाता तुला काहीतरी द्यायचं होतं. तुझ्या गावाला देऊ?"

बकूनं मान डोलावली. परीनं पंख पसरले. ते पसरतच गेले, डोंगराएवढे झाले! उन्हाचा एक मोठा झोत खाली उतरला आणि झऱ्याच्या उभ्या चढणीवरून फिरला. खाली अंगणात उभं असलेलं सगळं गाव वर बघत होतं. दगडधोंड्यांची ती वाट अलगद वळणावळणाची झाली. प्रत्येक वळणावर टेकायला एक गुळगुळीत कट्टा आला, कट्ट्यावर सावली धरायला एक झाड आलं आणि वाटेच्या कडेनं, नेमकं म्हाताऱ्या हाताच्या उंचीवर, धरायला वेलींचा मऊ कठडा आला. खाली हिराईनं हात जोडले. सरूकाकीला तर शब्दच सुचेना, आणि काकीला शब्द न सुचणं ही गावातली दुसरी मोठी जादू होती!

परी आता विरत चालली होती. पंख आधी निळे झाले, मग सोनेरी, मग नुसता उजेड.

"आणि तुझं बक्षीस," उजेडातून आवाज आला, "ते द्यायला मी लागत नाही. ते तुझ्या घरी चुलीवर करपतंय. पळ!"

लख्खकन एकदा सगळं रान चमकलं आणि ते शेवटचं फूल रिकामं झालं. बकू दोन क्षण तशीच उभी राहिली, अंगावर काटा आलेला, डोळे भरलेले. मग तिला वास आला. करपल्याचा! ती नव्या वाटेवरून धूम खाली पळाली.

घरात धूर भरला होता. आजोबा चुलीपुढे बसले होते, दाढीला पीठ, कपाळाला पीठ आणि हातात काळी पडलेली, वेडीवाकडी, दोन ठिकाणी फाटलेली एक भाकरी.

बकू घाईघाईनं पीठ मळायला पुढे झाली. आजोबांनी तिचा हात धरला आणि तिच्यासमोर पाट सरकवला.

"बस," ते म्हणाले. "आज मी वाढतो."

बकू बसली. आजोबा मखरात बसल्यापासून तिला कुणी जेवायला वाढलं नव्हतं. आजोबांनी ताटलीत भाकरी ठेवली, शेजारी ताकाची वाटी ठेवली, आणि ती खाते का बघत राहिले. बकूनं एक तुकडा मोडला. कडवट लागला, मधे थोडा कच्चाही होता. तिच्या डोळ्यांतून पाणी टपटप ताटलीत पडत होतं आणि ती खात होती.

भाकरी संपली, तशी तिनं ताटली पुढे केली आणि आणखी एक मागितली.